धीर देणं म्हणजे नेमकं काय करणं?

आजचा विषय साधा वाटेल असा आहे, आधार. आपण तो तीन माणसांच्या संदर्भात पाहणार आहोत. एक, आपल्याकडे मदत मागायला आलेला माणूस. दुसरा, रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस. आणि तिसरे आपण स्वतः.

सुरुवात नेहमीच्या वाक्यांपासून करू. 'होईल सगळं ठीक.' 'जरा खंबीर हो.' 'लोकांची दुःखं बघ, तुझं काहीच नाही.' ही वाक्यं बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मग ऐकणारा गप्प का होतो? कारण त्याचं दुःख पाहून आपण अस्वस्थ झालेलो असतो आणि ती अस्वस्थता लवकर संपवायची असते आपल्याला! वाक्य त्याच्यासाठी म्हटलं तरी सुटका आपली होते. त्याला मात्र एवढंच कळतं की, इथे जास्त बोलायचं नाही.

आता पहिला माणूस. समजा, डोंबिवलीचे एक गृहस्थ आहेत. वय पन्नासच्या आसपास. नोकरी जाऊन दोन महिने झालेत, घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतात, नेहमीची फास्ट लोकल पकडतात आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परत येतात. ते आपल्यासमोर बसलेत. आपल्या मनात लगेच याद्या सुरू होतात : बायोडेटा, ओळखी, घरी कसं सांगायचं. सगळं उपयोगाचं आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. माणसात बदल घडायला मदत करणाऱ्याकडे काय लागतं, याची मांडणी त्यात आहे. त्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवू. समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार आणि आपला सच्चेपणा. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत याचा अर्थ काय? 'दोन महिने रोज डबा घेऊन निघायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, दमवणारं आहे हे,' असं म्हणायचं आणि थांबायचं. 'तुम्ही खोटं का बोललात?' हा प्रश्न आत्ता नको. खोट्यामागची शरम आधी बाहेर येऊ दे. ती आली की पुढचा रस्ता बरेचदा ते स्वतःच सांगतात.

विचार बदलण्याचं काम त्यानंतरचं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती १९५५ पासूनची. कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसाच्या ओळखीची झाली. 'नोकरी गेली म्हणजे मी कुचकामी' हा विचार तपासायची उत्तम हत्यारं तिच्यात आहेत. पण रडणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो. आधी सोबत, मग तपासणी. हा क्रम चुकला की बरोबर सल्लासुद्धा टोचतो.

आता दुसरा, अनोळखी माणूस. आपण ठाणे-कल्याण पट्ट्यातली माणसं. गर्दीत चौथ्या सीटसाठी भांडतो आणि त्याच गर्दीत चक्कर आलेल्याला पाणीही देतो. २६ जुलै २००५ च्या पावसात किती अनोळखी घरांची दारं उघडली, हे इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. म्हणजे वृत्ती आहेच. अडतं ते 'नेमकं करू काय?' इथे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. समजा, फलाटावरच्या बाकावर एक मुलगी रडते आहे. पाहा : ती सुरक्षित आहे का, लागलंय का? मग थोडं अंतर ठेवून, 'मी इथे बसले तर चालेल का?' असं विचारा. ती नको म्हणाली तर तिचा मान राखा, पण नजरेच्या टप्प्यात राहा. बोलली तर ऐका. खोदून विचारू नका, फोटो-व्हिडिओ तर नाहीच. शेवटी जोडून द्या : घरचं कुणी, मैत्रीण, रेल्वे पोलीस.

'जगायचं नाही' असं कुणी सुचवलं तर घाबरून विषय बदलू नका. 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था तर आपल्या ठाण्यातलीच.

आणि तिसरे आपण. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घरी आल्यावर आपण स्वतःशी कसं बोलतो? 'एवढ्यानं थकलास?' 'तुला जमलंच नाही.' हेच वाक्य आपण त्या डोंबिवलीच्या गृहस्थांना म्हणालो असतो का? मग स्वतःला का? एलिस सांगतात ते इथे लागू पडतं : कृतीचं मूल्यमापन करा, अख्ख्या माणसाचं नको. 'आजचं सत्र नीट झालं नाही' हे ठीक. 'मी नालायक' हे नाही.

स्वतःला आधार देणं म्हणजे लाड नव्हेत. झोप, जेवण, नाही म्हणता येणं आणि आपलंही ऐकणारं एक माणूस असणं, एवढं त्यात येतं. आपण समोरच्याचा भार उचलून न्यायचा नसतो, काही अंतर त्याच्याबरोबर चालायचं असतं. हे विसरलं की मदत करणारा आधी चिडचिडा होतो, मग कोरडा.

या आठवड्यात एक प्रयोग करू या. कुणी आपल्याकडे मन मोकळं करायला लागलं की पहिली पाच मिनिटं एकही सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं आणि काय ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. जड जाईल. काय अनुभव आला, त्यावर पुढच्या वेळी बोलूच.