एक मोकळी जागा, एक खूण: वेबपेजमधलं घराणं समजून घ्या

बारावीला आयटी घेतलेल्या मुलामुलींना एचटीएमएल आणि सीएसएस शिकावं लागतं. परवा माझी एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. शाळेच्या पेजवर ‘प्रवेश’, ‘निकाल’, ‘संपर्क’ अशी यादी तिनं केली. या तीन मुख्य ओळींनाच चौकट हवी होती. पण ‘प्रवेश’च्या आतल्या ‘पाचवी’, ‘आठवी’ या ओळींनाही चौकटी आल्या. “सर, हे माझ्याच्यानं होणार नाही,” म्हणाली. चूक होती एका खुणेची.

वेबपेज म्हणजे एक घराणंच. दादाजानच्या पोटी मुलं, मुलांच्या पोटी नातवंडं. तिनं लिहिलं होतं: .मेनू एलआय (प्रत्यक्षात हे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं). मधली मोकळी जागा सांगते, मेनूच्या आत कितीही खोल असलेला प्रत्येक एलआय घ्या. म्हणजे नातवंडंही आली. फक्त सख्खी मुलं हवी असतील तर लिहायचं: .मेनू > एलआय. मोकळी जागा 1996 च्या पहिल्या सीएसएसपासून आहे. > ही खूण 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

खूण टाकली, चौकटी जागेवर आल्या. मग तिनं त्याच नियमात लाल रंग दिला, तर आतल्या ओळीही लाल! इथे बरीच मुलं गोंधळतात. नियम नातवंडांना लागलेलाच नाही; रंग त्यांना बापाकडून वारशानं मिळाला. अक्षरांचा रंग आणि फॉन्ट वारशानं खाली उतरतात, चौकट उतरत नाही. आतल्या ओळी काळ्या हव्या असतील तर त्यांना वेगळा नियम द्या: .मेनू एलआय एलआय, रंग काळा.

आणखी एक गंमत. ब्राउझर हा नियम आपल्या उर्दूसारखा उजवीकडून वाचतो. आधी एलआय पकडतो, मग वर चढत विचारतो, “तुझ्या वरच्या पिढ्यांत कुणी मेनू आहे का?” > असेल तर फक्त बापालाच विचारतो. एलआयच नसेल तर तिथेच सोडून देतो, म्हणून काम झटपट होतं.

पालकांनो, मूल स्क्रीनसमोर अडलं तर “जमत नसेल तर सोड” म्हणू नका. एवढंच विचारा, “हा नियम कुणासाठी लिहिलास, मुलांसाठी की नातवंडांसाठीही?” माझ्या विद्यार्थिनीला उत्तर त्याच प्रश्नातून सापडलं.