लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, रोग मात्र मूत्रपिंडात!

आमच्या वस्तीतील एका बांधवांचा रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे वाढलेले. झाले! नळावर कुजबुज सुरू झाली, "विहारात पंचशील म्हणतो आणि चोरून पितो." त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण घरची माणसेही संशयाने पाहू लागली. तीन-चार महिने झाडपाल्याच्या औषधात गेले. वजन घटले, रोज संध्याकाळी अंगात कणकण. शेवटी पोटाची सोनोग्राफी झाली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसली. कॅन्सर!

आता नातेवाईक म्हणू लागले, "लिव्हरपर्यंत पसरलाय, ऑपरेशनला पैसे कशाला घालवता?" पण सी.टी. स्कॅनमध्ये लिव्हरवर गाठ नव्हती. मग लिव्हर बिघडले कशाने?

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. त्यांचे कागद घेऊन डॉक्टरांकडे बसलो तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. स्टॉफर यांनी १९६१ साली हा प्रकार प्रथम नोंदवला, म्हणून याला 'स्टॉफर सिंड्रोम' म्हणतात. मूत्रपिंडातील गाठ लिव्हरपर्यंत पोहोचलेली नसते, पण इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात सोडते आणि त्यामुळे लिव्हरचे काम बिघडते, असे मानतात. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, रक्त गोठायला वेळ लागतो, लिव्हर-प्लीहा सुजू शकते. कावीळ सहसा होत नाही. हा प्रकार क्वचितच आढळतो, हेही खरे. मूत्रपिंडाचा कॅन्सर लिव्हरमध्ये खरोखर पसरूही शकतो. म्हणूनच निदान स्कॅनने आणि गरज पडल्यास तुकडा तपासून करायचे असते, नळावर नव्हे.

ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढले. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो. दोन महिन्यांत लिव्हरचे आकडे आपोआप उतरले, लिव्हरला वेगळे औषध लागले नाही.

माताभगिनींनो, लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे, कारण नसताना वजन घटणे हे अंगावर काढू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, रक्तदाब असणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका जास्त. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आमचे बांधव आता कामावर जातात. ठराविक मुदतीने लिव्हरची तपासणी करतात, कारण आकडे पुन्हा चढले तर रोग उलटल्याचा संशय धरावा लागतो. नळावरचे लोक मात्र अजून त्यांची माफी मागायला गेलेले नाहीत.