खरिपाच्या धान्याची साठवण व परसातील औषधी-मसाल्याचा वाफा

दसरा उलटला की खरिपाचे धान्य खळ्यावर येऊ लागते. वर्षभराचे कष्ट दाण्याच्या रूपाने घरात येतात. परंतु घरात आलेला दाणा पोटात जाईपर्यंत टिकेलच असे नाही. शेतावर राखलेले पीक कणगीत किडीच्या स्वाधीन करणे म्हणजे हातचा घास गमावणे होय. म्हणून साठवणीची तयारी कापणीइतकीच काळजीने करावी.

धान्य बिघडण्याचे मूळ ओलाव्यात आहे. साठविलेला दाणा सजीव असतो व तो श्वसन करतो. दाणा ओला असल्यास श्वसन वाढते, उष्णता निर्माण होते, बुरशी धरते आणि किडींची वाढ झपाट्याने होते. ज्वारी, भात इत्यादी तृणधान्यांत शेकडा १२, कडधान्यांत शेकडा ९ ते १० यांपेक्षा अधिक ओलावा नसावा. ऑक्टोबरचे कडक ऊन याच कामासाठी उपयोगी आहे. सारवलेल्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर धान्याचा पातळ थर द्यावा, दिवसातून तीनचार वेळा हलवावा व सायंकाळी दव पडण्यापूर्वी झाकावा. वाळलेले धान्य गार झाल्यावरच कोठीत भरावे.

दाणा वाळला की नाही हे घरीही तपासता येते. चांगला वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो. ओला दाणा चेपतो. दुसरी रीत अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व कोरडे मीठ घालून बूच लावावे व दहा मिनिटे हलवावे. मीठ बाटलीच्या काचेस चिकटल्यास धान्य निश्चितच ओले आहे.

वाळविल्याने वजन घटते म्हणून काही शेतकरी कचरतात. शेकडा १६ ओलावा असलेले १०० किलो धान्य शेकडा १२ पर्यंत वाळविले, तर ते सुमारे ९५॥ किलो भरते. कमी झालेले साडेचार किलो हे पाणी आहे, धान्य नव्हे. ते ओले ठेवल्यास मात्र धान्यच जाते. भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्यास त्यांवर येणारी बुरशी माणसांस व जनावरांस विषारी असते. अशा बुरसट शेंगा खाऊ नयेत व गुरांसही घालू नयेत.

तूर, मूग, चवळी यांवरील भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि धान्याबरोबर घरात येतो. डाळ करून ठेवल्यास त्याचा उपद्रव कमी होतो. अख्खे कडधान्य ठेवावयाचे असल्यास दर किलोस एक लहान चमचा खाद्यतेल चोळावे. कणग्या व कोठ्या भरण्यापूर्वी झाडून उन्हात तापवाव्या, भिंतींच्या भेगा लिंपाव्या, जुने धान्य नव्यात मिसळू नये. पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावी. विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. ते काम प्रशिक्षित माणसांचेच आहे.

जेथे अद्याप पेव वापरात आहे, तेथे एक दक्षता अवश्य घ्यावी. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो व जड कर्बवायू तळाशी साचतो. पेव उघडताच आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्यास वाचवावयास गेलेला दुसराही दगावतो. पेव उघडून पुरेसा काळ वारा खेळू द्यावा. पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडावा. तो विझल्यास कोणीही उतरू नये. कंदील तेवत राहिला तरी कमरेस दोर बांधून, वर माणसे उभी करूनच उतरावे.

याच दिवसांत परसात एक लहान वाफा करावा. धणे हलकेच रगडून दोन भाग करून पेरावे. कोथिंबीर सुमारे दीड महिन्यात काढणीस येते. मेथी महिन्याभरात मिळते. पुदिन्याच्या आडव्या खोडाचे मुळ्यांसह तुकडे न्हाणीच्या ओलाव्यालगत, परंतु साबणाचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी लावावे. गवती चहाचा एक ठोंब व पानओव्याचे एक छाट पुरेसे होते. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांतील बी बारीक मातीत वरचेवर टाकावे. भाजी धुतलेले पाणी व चांगले कुजलेले शेणखत एवढ्यावर हा वाफा पोसतो.

पुदिना, तुळस, कढीपत्ता ही पाने उन्हात न वाळविता सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावी; त्यामुळे सुगंधी तेल उडून जात नाही. हातात चुरडतील इतकी कोरडी झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. धान्याचा नियम येथेही तोच आहे: आधी पुरते वाळवावे, मग बंद करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मीठ-बाटलीचा प्रयोग एखाद्या खळ्यावर सर्वांसमक्ष करून दाखवावा, तसेच गावात चालू असलेली पेवे किती याची नोंद करून ती उघडण्यापूर्वी घरोघर सूचना द्यावी. साठवणीनंतरही दर पंधरा दिवसांनी कोठीत हात घालून पाहावे. धान्य उबदार लागल्यास ते त्याच दिवशी उन्हात काढावे.