पाठीतून पाणी का काढतात? जीबीएस आणि मज्जासंस्थेच्या तपासण्या

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. नाशिकहून पुणे काही फार लांब नाही, त्यामुळे आपल्याकडेही पालकांमध्ये धास्ती होती. "पाठीतून पाणी काढलं की कंबर कायमची जाते" हे तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. या भीतीपायी घरचे सही करायला तयार होत नाहीत आणि उपचार लांबतात. म्हणून हा लेख.

मज्जातंतू विजेच्या वायरसारखे असतात. वायरीवर जसं प्लास्टिक, तसं मज्जातंतूवर मायेलिनचं आवरण. जुलाबासारखा संसर्ग होऊन गेल्यावर कधी कधी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या आवरणावरच हल्ला करते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. पायाला मुंग्या येतात, मग ताकद जाते आणि अशक्तपणा बहुतेक वेळा खालून वर चढतो.

पहिली तपासणी अगदी बिनखर्चाची. गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारली की पाय आपोआप उडतो. जीबीएसमध्ये तो उडत नाही, किंवा फार कमी उडतो. मग डॉक्टर एका दमात अंक म्हणायला लावतात. हा काही गणिताचा तास नाही! श्वासाच्या स्नायूंत किती जोर उरलाय हे त्यावरून कळतं.

आता पाठीतलं पाणी. मेंदू आणि मेरुरज्जूभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसात मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळात थोडा खाली. सुई त्याच्याही खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात. तिथे मेरुरज्जू नसतोच, फक्त द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात. म्हणून कंबर जाण्याची भीती बाळगू नका. जागा आधी बधिर करतात. नंतर थोडे दिवस डोकं किंवा पाठ दुखू शकते, एवढं मात्र खरं. जीबीएसमध्ये या द्रवात प्रथिनं वाढलेली असतात, पण पांढऱ्या पेशी फारशा वाढलेल्या नसतात. मेंदूज्वरात पेशी वाढतात, त्यामुळे दोन्हींतला फरक कळतो. ही खूण १९१६ साली गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये नोंदवली.

दुसरी मोठी तपासणी एनसीएस. मज्जातंतूला विजेचा छोटा झटका देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. मोठ्या माणसाच्या हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर असतो. आवरण खराब झालं की तो घटतो. झटका टोचतो, लहान मुलं रडतात, पण इजा होत नाही. एमआरआय आणि ईईजी मुख्यतः इतर आजारांसाठी. ईईजी मेंदूतल्या विजेचा आलेख काढतो, फिट्ससाठी तो उपयोगी.

पल्स पोलिओची ड्यूटी केलेल्या शिक्षकांना पुढची गोष्ट माहीत असेल. १५ वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर कारण जीबीएस वाटलं तरी आरोग्य विभागाला कळवावं लागतं. १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, पोलिओसाठी तपासायला जातात. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी ही दक्षता चालू आहे.

पहिल्या आठवड्यात पाठीतलं पाणी आणि एनसीएस, दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मूल चालताना अडखळतंच आहे, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. वर्गातलं मूल अचानक पायऱ्या चढेना, खाली बसल्यावर उठता येईना, असं दिसलं तर त्याच दिवशी पालकांना फोन करा आणि त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून द्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.