उशाशी बसलेला डॉक्टर

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया हाती घेतली, मध्येच वीज गेली, परिचारिकेच्या हातातली विजेरीही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. जुन्या पुणेकरांना ही हकिगत पाठ असते. ससूनने ती खोलीही जपून ठेवली आहे. मॅडॉकचं नाव निघतं, त्या रात्री हजर असलेल्या श्रीनिवास शास्त्रींचं निघतं, कंदिलाचं तर निघतंच. गांधीजींना भूल कोणी दिली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

त्या माणसाची ती रात्र डोळ्यांसमोर आणून पाहावी. तेव्हा मॉनिटर नव्हते. नाडीवरचं बोट, छातीचं वरखाली होणं, ओठांचा रंग आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरच भूल देणाऱ्याची सगळी भिस्त असे. दिवा गेला की यातलं निम्मं गेलं. अंधारात सर्जनला हात थांबवता येतो, पण चोपन्न वर्षांच्या अशक्त रुग्णाचा श्वास उजेड येईपर्यंत थांबून राहू शकत नाही. उशाशी बसलेल्या त्या माणसाने अंधारातही आपलं काम चालू ठेवलं, म्हणून मॅडॉकला आपलं काम पुरं करता आलं.

शंभर वर्षं उलटली. साधनं बदलली, रुग्णाच्या मनातलं चित्र फारसं बदललं नाही. पुण्यातल्या कुठल्याही मध्यम नर्सिंग होममध्ये सकाळी आठच्या सुमाराला हा प्रसंग पाहायला मिळतो. एक बाई येतात, पेशंटची फाइल चाळतात, तोंड उघडायला सांगतात, मान मागे करायला लावतात, कवळी आहे का, एखादा दात हलतो का, घोरता का, आधी कधी भूल घेतली होती का, असं एकेक विचारतात. पेशंट हो-नाही करत उत्तरं देतो आणि शेवटी म्हणतो, ‘‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार आहेत?’’ त्या बाई एम.डी. असतात. साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस. आणि त्यावर तीन वर्षं फक्त भूलशास्त्र. पुढचे दोन तास त्या पेशंटचा श्वास त्यांच्याच हातात असणार असतो.

भारतात आणि परदेशात रुग्णांना याबद्दल विचारणारी सर्वेक्षणं वेळोवेळी झाली आहेत आणि त्यांचा सूर साधारण एकच आहे. भूल देणारी व्यक्ती डॉक्टर असते हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्यांना ते ठाऊक असतं, त्यांतल्या अनेकांना वाटतं की ती एक इंजेक्शन देते, पेशंट झोपला की बाहेर जाते आणि पुढचं सगळं सर्जन बघतात. बिलात भूलतज्ज्ञाची फी वेगळी दिसली की नातेवाइकांच्या तोंडून हमखास येतं, ‘‘एका इंजेक्शनचे एवढे?’’

रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण व्यवस्थाच तशी आहे. सर्जनकडे तो तीन-चार वेळा गेलेला असतो, त्यांचं नाव बाहेरच्या पाटीवर असतं, ऑपरेशननंतर टाके बघायलाही तेच येतात. पुण्यातले कितीतरी भूलतज्ज्ञ कोणत्याही एका हॉस्पिटलचे नोकर नाहीत. सकाळी कर्वे रोडला सिझेरियन, दुपारी सदाशिव पेठेत हर्निया, संध्याकाळी हडपसरला मोडलेला हात, असा त्यांचा दिवस. पेशंटची आणि त्यांची गाठ पडते ती थिएटरच्या दारात, आणि तीही मास्क लावलेल्या चेहऱ्याशी.

त्यात भर औषधाची. घाबरलेल्या पेशंटला थिएटरमध्ये नेताना बऱ्याचदा मिडाझोलाम नावाचं औषध देतात. त्याने भीती कमी होते आणि त्यापुढच्या काही काळाची आठवणही पुसली जाते. ज्या डॉक्टरने हात धरून ‘‘घाबरू नका, मी इथेच आहे’’ म्हटलं, तोच पेशंटच्या स्मरणातून नाहीसा होतो. शुद्धीवर आल्यावर पहिला आठवतो तो सर्जन.

आत काय घडतं ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण सगळा गैरसमज ‘झोपवणं’ या कल्पनेपाशी आहे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडलं तरी त्याला कळत नाही. आधी वेदनाशामक, मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेतून जातं आणि अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध हरपते. त्यानंतर स्नायू सैल करणारं औषध देतात. ते एकदा लागू झालं की छातीचे स्नायूही सैल पडतात आणि पेशंटचा श्वास बंद होतो. इथून पुढचा प्रत्येक श्वास भूलतज्ज्ञ देतो. आधी मास्कने, मग घशातून श्वासनलिकेत नळी घालून, यंत्राच्या मदतीने. ही नळी घालण्याची मिनिट-दोन मिनिटं थिएटरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. सकाळी तोंड उघडायला लावलं होतं, दात आणि घोरणं विचारलं होतं, ते याच मिनिटांसाठी.

सर्जनची नजर जखमेवर असते. बाकीच्या सगळ्या शरीरावर दुसऱ्या डॉक्टरची नजर असते. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, लघवी किती झाली, अंग गार पडतंय का, रक्त किती गेलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट गॅसने फुगवतात, तो गॅस फुप्फुसांना खालून दाबतो, म्हणून श्वासाचं गणित नव्याने मांडावं लागतं. रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायचा, टाचणी टोचल्यासारखा अचानक वर गेला तर वेदना पोचते आहे असं समजून औषध वाढवायचं. शेवटी सगळी औषधं उतरवून माणसाला परत स्वतःचा श्वास घ्यायला लावायचा. शस्त्रक्रियेइतकीच, कधी कधी तिच्याहून जास्त, ही वेळ नाजूक असते. बाहेर नातेवाईक ‘ऑपरेशन झालं’ म्हणून निःश्वास टाकतात, तेव्हा भूलतज्ज्ञाचं काम संपलेलं नसतं.

हे शास्त्र किती पुढे आलं याची कल्पना एका जुन्या पाहणीवरून येते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत १९४८ ते १९५२ या काळात दिलेल्या सुमारे सहा लाख भुलींचा हिशेब बीचर आणि टॉड या दोघांनी १९५४ मध्ये मांडला. भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण दर १,५६० रुग्णांमागे एक असं निघालं. आज प्रगत देशांत धडधाकट माणसाच्या बाबतीत हे प्रमाण लाखात एक किंवा त्याहूनही कमी धरतात.

ही सुरक्षितता औषधांतून आली, मॉनिटरमधून आली, तशी माहितीतूनही येते, आणि ही माहिती फक्त पेशंटजवळ असते. मला या विषयात सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. भूलतज्ज्ञाला मान मिळतो की नाही, हा त्याच्या मानापमानापुरता प्रश्न असता तर त्यावर एवढं लिहिण्याची गरज नव्हती. पण समोरचा माणूस डॉक्टर आहे हे ज्याला माहीत नाही, तो त्याला खरं सांगत नाही.

घोटभर चहाचंच घ्या. ‘काही खाल्लं-प्यायलं नाही ना?’ या प्रश्नावर कित्येक पेशंट ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी सहाला चहा झालेला असतो. चहाला आपल्याकडे कोणी खाणं-पिणं धरतच नाही. पोटाच्या हिशेबात मात्र दुधाचा चहा पाणी नव्हे, अन्न आहे, आणि त्यानंतर साधारण सहा तास थांबावं लागतं. तळलेलं किंवा मांसाहारी जेवण असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला रात्रीपासून पाण्यावाचून तळमळत ठेवण्याची एरवी गरज नसते, फक्त ते भूलतज्ज्ञाला विचारून ठरवायचं. पोटात काही असताना भूल दिली तर ते उलटून घशात येतं, तिथून फुप्फुसात जातं. शुद्धीवर असलेल्या माणसाला ठसका लागला असता. भुलीत ठसका लागत नाही.

लपवल्या जाणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. मिश्री, तंबाखू, रात्रीची दारू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्यांचे काढे. अलीकडे वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणारे वाढले आहेत. त्या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं, म्हणजे उपाशी राहूनही पोट भरलेलं असू शकतं. सासूबाईंसमोर, मुलासमोर हे सांगायला संकोच वाटतो हे समजण्यासारखं आहे. त्यासाठी घरच्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवायची विनंती करावी.

बायकांच्या बोलण्यात आणखी एक पक्का समज आहे, ‘सिझरच्या वेळी कंबरेत सुई दिली, तेव्हापासून पाठ दुखते.’ ती सुई पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. तिने काही दिवस डोकं दुखू शकतं, टोचलेली जागा ठणकू शकते, हे खरं आहे. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचा दोष तिच्यावर टाकण्यासारखा पुरावा अभ्यासांतून मिळालेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, बाळाला वाकून पाजणं, उचलणं, विश्रांती न मिळणं, ही कारणं जास्त खरी आहेत. तरी सुईच्या भीतीने पूर्ण भूल मागणाऱ्या बायका आहेत, आणि सिझेरियनमध्ये कंबरेखालची भूल बहुतेक वेळा आईसाठी जास्त सुरक्षित असते.

कोविडने हे चित्र बदलायला हवं होतं. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. पुढच्या काही महिन्यांत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि पंचाण्णवच्या खाली आकडा गेला की काळजी करायची, हे शाळकरी मुलांनाही कळू लागलं. हे उपकरण तोवर थिएटरमध्ये आणि आयसीयूत रोज वापरात होतं. त्यामागचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. ते वारले १८ एप्रिल २०२० ला, जग त्यांच्या उपकरणाकडे डोळे लावून बसलेलं असताना. त्याच काळात गुदमरणाऱ्या रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकून नळी घालण्याचं, म्हणजे संसर्गाचा सर्वाधिक धोका असलेलं काम, बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच करत होते. आपण डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या, पण त्यांतले हे कोण, हे तेव्हाही कळून घेतलं नाही.

भूलतज्ज्ञांनीही थोडं पुढे यायला हवं. घाईत असले तरी मास्क खाली करून नाव सांगायला दहा सेकंद लागतात. तपासणी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न करता दोन-चार दिवस आधी व्हावी, हे हॉस्पिटलांनी पाहायला हवं. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी वेगळी ओपीडी असते, छोट्या नर्सिंग होममध्ये निदान एक फोन तरी व्हायला काय हरकत आहे? आणि पाटीवर सर्जनच्या नावाखाली त्यांचंही नाव लागावं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात कोणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की भूल कोण देणार हे विचारा, त्यांना आधी भेटता येईल का तेही विचारा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्या. मागच्या ऑपरेशनचे कागद असतील तर ते न्या, आणि घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असेल तर आठवून सांगा. आणि सकाळी चहा घेतला असेल तर घेतला म्हणून सांगा. ऑपरेशन फार तर काही तास पुढे जाईल.