वजन जाते कुठे ?

अंतराळवीर यानात तरंगताना दिसतात. त्यावरून, इतक्या उंचीवर गुरुत्वाकर्षण उरतच नाही, असा समज आपल्यापैकी अनेकांनी करून घेतलेला असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण मुळातच सुमारे ६,४०० किलोमीटर दूर आहोत. त्यात ही भर किरकोळच. त्यामुळे तेथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. मग माणसे तरंगतात कशी ?

एक सोपा प्रयोग करून पाहावा. पत्र्याच्या डब्याला बुडाजवळ भोक पाडून त्यात पाणी भरावे. धार लागेल. आता तो डबा उंचावरून सोडून द्यावा. खाली येईपर्यंत धार थांबलेली दिसेल. पृथ्वीने पाण्याला ओढणे काही सोडलेले नसते. परंतु डबा आणि पाणी बरोबरीनेच पडत असल्याने पाण्याचा बुडावर दाब पडत नाही. आपल्याला वजन म्हणून जे जाणवते तेही असेच असते : आपण जमीन दाबतो आणि जमीन आपल्याला आधार देते. अंतराळस्थानक व त्यातील माणसे दोन्ही एकसारखी पडत असतात, म्हणून हा आधार नाहीसा होतो.

पडतात, तर जमिनीवर आदळत कशी नाहीत ? न्यूटनने यासाठी उंच पर्वतावरच्या तोफेची कल्पना केली होती. कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली पडते. पृथ्वी गोल असल्यामुळे दर ८ किलोमीटर अंतराला तिचा पृष्ठभागही तेवढाच खाली वळतो. तेव्हा सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने आडवा सुटलेला गोळा पडतच राहील, पण जमीन त्याला गाठणार नाही. स्थानकाची गती याच मानाची असून, ते सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करते.

या अखंड पडण्याची किंमत शरीराला मोजावी लागते. रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. मणक्यांवरचा भार गेल्याने उंची थोडी वाढते. स्नायू दुबळे होतात आणि कंबर व मांडीची हाडे महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात. सन १९७० मध्ये 'सोयूझ-९' मधून जवळजवळ १८ दिवसांनी परतलेल्या दोन रशियन वीरांना नीट उभे राहणेही कठीण झाले होते. १९८४ मध्ये 'सॅल्यूत-७' वर राहिलेल्या आपल्या राकेश शर्मांनी तेथे योगासने केली, ती याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी. आज स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये तेथे १८ दिवस राहून आले.

आपली हाडे व स्नायू वजन पेलूनच बळकट राहतात. भार उतरला की शरीर त्यांना अनावश्यक समजून मोडीत काढू लागते. माणसाला उद्या मंगळावर जायचे आहे. वाटेतच कित्येक महिने लागतील. उतरल्यावर त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, हा प्रश्न अग्निबाणाच्या शक्तीइतकाच महत्त्वाचा आहे.