गरोदरपणात कंबर, जांघ दुखतेय? अंगावर काढू नका

कुशीवर वळताना कळ येते, पायऱ्या चढताना जांघेत चमक निघते, एका पायावर उभं राहून कपडे घालता येत नाहीत. "दिवस गेलेत, दुखायचंच," म्हणून घरोघरी हे दुखणं अंगावर काढलं जातं. पण यावर इलाज आहे.

ओटीपोटाखाली पुढे एक आणि मागे कमरेत दोन सांधे असतात. गरोदरपणात त्यांच्यावर ताण येतो. साधारण ५ पैकी एकीला हा त्रास होतो. बाळाला यामुळे धोका नसतो.

फिजिओथेरपिस्ट कंबर, मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात, गरज पडली तर पट्टाही देतात. घरी झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी, कुशी बदलताना गुडघे जुळवून वळावं, कपडे बसून घालावेत. पाण्याचा हंडा आणि कडेवरचं मूल घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावं.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं कमी होतं. राहिलंच, तर पुन्हा दाखवावं.

रक्तस्राव, पाणमोट फुटणं, ताप, पाय बधिर होणं किंवा थांबून थांबून कळा आल्यास लगेच दवाखाना गाठावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. तिथे हे दुखणं आवर्जून सांगा.